उत्तरेकडील सरोवरांतील वॉलाय मासा व त्याचे ऋतुमान



मागील वर्षी आठवीच्या वर्गात डोळ्याच्या रचनेचा पाठ चालला असता एका विद्यार्थ्याने प्रश्न केला की, रात्री दिव्याच्या उजेडात मांजराचे डोळे जसे चमकतात, तसे एखाद्या माशाचेही चमकतात काय? "चमकतात, आणि त्या चमकण्यावरूनच एका गावाचे नाव पडले आहे," एवढे मी सांगितले व तास संपल्याची घंटा झाली. उत्तर अर्धे राहिले. ते पुरे करण्यास वार्षिक अंकाहून चांगली जागा कोणती असणार? तेव्हा घरी हा लेख आपल्या वडीलमंडळींसही वाचून दाखवावा. त्यांच्यापैकी ज्यांनी लहानपणी ओढ्यावर गळ टाकून दुपार घालविली असेल, त्यांना तो विशेष रुचेल असे वाटते.

काही वर्षांपूर्वी एका शैक्षणिक योजनेमुळे मला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा संस्थानाच्या उत्तर भागात एक वर्ष राहण्याचा योग आला. हा प्रदेश कानडाच्या सीमेला लागून आहे. प्राचीन हिमयुगात तेथे बर्फाचे प्रचंड थर सरकत गेले. त्यांनी भूमी खरवडून काढली व ते वितळल्यावर मागे सहस्रावधी खळगे पाण्याने भरून राहिले. या संस्थानास 'दहा हजार सरोवरांची भूमी' असे म्हणतात, आणि ही अतिशयोक्ती नसून उलट काहीशी न्यूनोक्तीच आहे. माझे यजमान निवृत्त शाळामास्तर होते. शाळेत त्यांनी भूगोल शिकविला. परंतु सरोवराकाठच्या मुलांना त्यांनी खरे शिकविले ते मासे धरावयास. मलाही त्यांनी त्याच वर्गात बसविले.

त्या सरोवरांत अनेक जातींचे मासे असले, तरी तेथील लोकांचे प्रेम एकाच माशावर जडले आहे. तो म्हणजे वॉलाय. मिनेसोटाने 1965 साली त्यास आपल्या संस्थानाचा मासा म्हणून मान दिला. ओजिब्वे नावाचे जे तेथील मूळचे रहिवासी, ते त्यास 'ओगा' म्हणतात. कानडात पुष्कळ ठिकाणी त्यास 'पिकरेल' म्हणतात. आणि क्वेबेकमधील फ्रेंच भाषिक त्यास 'दोरे', म्हणजे सोनेरी, असे म्हणतात. हे शेवटचे नाव मला सर्वांत यथार्थ वाटते. पाठीवर हिरवट काळसर, कुशीवर पिवळे सोने घासल्यासारखा आणि पोटाशी पांढरा असा त्याचा वर्ण असतो. पाठीवर दोन पर असून पुढचा काटेरी असतो. शेपटीच्या खालच्या टोकास पांढरा ठिपका असतो. आणि जबड्यात अणकुचीदार दात असतात. नवख्याने तोंडात बोट घालून त्यास उचलू नये. मी एकदा तसे केले. पुन्हा केले नाही.

परंतु या माशाची खरी ओळख त्याचा डोळा होय. तो मोठा, फिकट व जणू काचेचा असतो. सॅम्युएल मिचिल या शास्त्रज्ञाने 1818 साली या माशाचे वर्णन करिताना त्यास जे लॅटिन विशेषण दिले, त्याचा अर्थही 'काचेसारखा' असाच आहे. आपल्या डोळ्यात प्रकाश आत शिरतो, मागच्या पडद्यावर पडतो आणि तेथे त्याचे काम संपते. वॉलायच्या डोळ्यात पडद्यामागे आणखी एक चकाकणारा थर असतो. पडद्यातून निसटलेला प्रकाश या थरावर आपटून परत फिरतो व पडद्यास दुसऱ्यांदा भेटतो. अर्थात, एकाच किरणाचा उपयोग दोनदा होतो. मांजराच्या डोळ्यातही हीच योजना असते. मौजेची गोष्ट अशी की, अगदी लहान पिलांत हा थर तयार झालेला नसतो. ती दिवसाउजेडी पाण्यातील सूक्ष्म जीव टिपतात व प्रकाशाकडे धावतात. पुढे डोळा पक्व झाला की तोच मासा उजेड टाळू लागतो.

आता या एका थराचे परिणाम पाहा. या सरोवरांत पर्च नावाचा पिवळा, पट्टेरी लहान मासा विपुल असतो व तो वॉलायचे मुख्य खाद्य होय. दिवसा पर्चला चांगले दिसते. सायंकाळी मात्र त्याची दृष्टी मंदावते. नेमक्या त्याच वेळी वॉलाय पाहू लागतो. म्हणून सूर्य मावळतीला लागला की तो खोल पाण्यातून उथळ काठाकडे येतो, आणि म्हणून गळ टाकणारा मनुष्यही सायंकाळचे जेवण लांबणीवर टाकून होडीत बसतो. पाणी फार निर्मळ असेल तर वॉलाय रात्रीच खातो. चहासारख्या तांबूस पाण्याच्या सरोवरात तो भर दुपारीही खातो. आणि निर्मळ सरोवरातही वाऱ्याने लाटा उठल्या व पृष्ठभाग फुटून प्रकाश आत कमी शिरू लागला, म्हणजे दिवसा त्यास भूक लागते. निवांत, आरशासारखे सरोवर पाहून मला आनंद होई, माझे यजमान मात्र कपाळाला आठ्या घालीत व म्हणत, "आज चित्रे काढा, मासे मिळायचे नाहीत."

ज्या गावाचा उल्लेख वर्गात केला ते गाव शेजारच्या विस्कॉन्सिन संस्थानात आहे. त्याचे नाव लाक द्यु फ्लाम्बो, म्हणजे मशालींचे सरोवर. ओजिब्वे लोक वसंतात रात्री होडीच्या तोंडाशी मशाल पेटवून काठाकाठाने जात. उथळ पाण्यात आलेल्या माशांचे डोळे निखाऱ्यांसारखे चमकत व त्या खुणेवर ते भाला मारीत. फ्रेंच व्यापाऱ्यांनी हे दृश्य पाहिले व ते नाव ठेविले.

आता ऋतूंकडे वळू. तेथील वसंत आपल्याकडील चैत्रासारखा नव्हे. एप्रिल महिन्यात, आणि अगदी उत्तरेस पुष्कळदा मे उजाडल्यावर, सरोवरावरील बर्फ काळवंडतो, भेगाळतो व एखाद्या वादळी दिवशी नाहीसा होतो. पाण्याची उष्णता 42 ते 50 अंश फॅरनहाइट झाली की वॉलायचा विणीचा काळ येतो. नर अगोदर येऊन थांबतात. माद्या, ज्या आकाराने मोठ्या असतात, मागाहून येतात. रात्रीच्या वेळी गोट्यांच्या व वाळूखड्याच्या उथळ जागी, जेथे लाटा किंवा प्रवाह पाणी हालते ठेवितात तेथे, मादी हजारो अंडी सोडते. घरटे नाही, राखण नाही. अंडी दगडांच्या फटींत पडतात व दोनतीन आठवड्यांत फुटतात. मधल्या काळात वादळ झाले, थंडी उलटली किंवा गाळ बसला तर त्या वर्षाची पिढीच्या पिढी बुडते. यास्तव एखाद्या सरोवरात पाच वर्षांचे मासे पुष्कळ व चार वर्षांचे जवळजवळ नाहीतच, असा प्रकार आढळतो. उत्तरेच्या थंड पाण्यात मादीला प्रथम अंडी घालण्याजोगी होण्यास साधारण चार ते सहा वर्षे लागतात, हेही ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे कारण पडेल.

याच कारणास्तव मिनेसोटात फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत वॉलाय धरण्यास सामान्यतः बंदी असते. बंदी उठते तो शनिवार म्हणजे तेथील एक सणच. त्या दिवशी मासे अद्याप विणीच्या जागांच्या आसपासच, सहा ते बारा फूट पाण्यात, नद्यांच्या मुखांशी व वारा लागणाऱ्या काठाशी असतात. यावेळचे साधन साधे आहे. गळाच्या डोक्याशीच शिशाची गोळी ओतलेली असते. त्यास 'जिग' म्हणतात. तिला एक लहान मासा टोचावयाचा, तळापर्यंत सोडावयाचा, आणि दोरी थोडी उचलून पुन्हा सोडावयाची. सर्व काही सावकाश; कारण थंड पाण्यात माशाचे रक्तही थंडच असते व तो धावून भक्ष्य धरीत नाही. तो ओढीत नाही, नुसता तोंडात धरतो. दोरी किंचित जड वाटते, जणू ओले पान अडकले आहे. पहिल्या आठवड्यात मी अशी कितीतरी पाने सोडून दिली, व ती पाने नव्हती हे यजमानांनी मला फार उशिरा सांगितले!

जून लागला की मासे काठ सोडून पाणवनस्पतींच्या कडेला व बुडालेल्या खडकाळ उंचवट्यांकडे जातात. आता लहान माशापेक्षा जळू व गांडूळ ही आमिषे अधिक चालतात. जळू म्हटल्यावर आपल्याकडील वाचक नाक मुरडतील. मीही मुरडले होते. पण ती पाण्यात सोडली असता काळ्या फितीसारखी लहरत पोहते, गळावर पुष्कळ वेळ जिवंत राहते आणि लहान माशांनी ओरबाडली तरी टिकते. तिला बुचाखाली टांगून उंचवट्यावर तरंगत ठेवितात. किंवा दोरीत सरकणारे शिसे ओवून, त्यापुढे काही फुटांवर गळ बांधून, होडी वाऱ्याबरोबर वाहू देतात. या दुसऱ्या रीतीत खुबी अशी की, मासा आमिष घेऊन निघाला तर दोरी शिशातून सरकते. त्यास वजन जाणवत नाही व संशय येत नाही.

भर उन्हाळ्यातील गोष्ट सरोवरागणिक निराळी आहे. खोल सरोवरांत वर उष्ण व खाली थंड असे पाण्याचे दोन थर बनतात आणि वॉलाय दिवसा खोल, रात्री उंचवट्यावर असतो. मिल लाक नावाचे सरोवर मात्र सुमारे 200 चौरस मैल पसरलेले असूनही कोठेही 42 फुटांहून फारसे खोल नाही. वारा त्यास तळापर्यंत ढवळतो. त्याच्या मध्यभागी चिखलाची सपाट पठारे आहेत. त्या चिखलात मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या राहतात व उन्हाळ्याच्या आरंभी त्या वर येऊन त्यांना पंख फुटतात. त्या वेळी वॉलाय त्यांवर इतका यथेच्छ ताव मारतो की, काठावरील मनुष्य कितीही उत्तम आमिष दाखवो, तो ढुंकून पाहत नाही. लग्नघरी जेवलेल्या पाहुण्यास घरच्या भाकरीचा आग्रह करावा, तशातला तो प्रकार.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. ऑगस्टमध्ये एका खोल सरोवरात, सुमारे चाळीस फूट पाण्यातून, मला एक मोठी मादी गळास लागली. मी ती झपाझप वर ओढली. नियमाप्रमाणे एवढा मोठा मासा ठेवावयाचा नव्हता. म्हणून मोठ्या औदार्याने मी तिला पाण्यात सोडली. ती उलटी होऊन पोट वर करून तरंगू लागली. मी पुन्हा पुन्हा तिला खाली ढकलली. ती पुन्हा पुन्हा वर आली. कारण असे की, माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. खोल पाण्यात दाब जास्त असतो. एकाएकी वर आणले की दाब कमी होऊन ती पिशवी फुगते. काही जातींच्या माशांस ही हवा तोंडावाटे सोडता येते. वॉलायला ती येत नाही, रक्तावाटे हळूहळूच जिरवावी लागते. यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी होडी वळविली, व त्यानंतर त्या उन्हाळ्यात आम्ही तीस फुटांहून खोल पाण्यात गळ सोडला नाही. सोडून दिलेला मासा जगतोच असे नाही, हे मला त्या मादीने शिकविले. पाणी उष्ण असेल तर उथळातून सोडलेलेही पुष्कळ मरतात.

शरद ऋतूत सरोवरात जी घडामोड होते, ती तुम्ही प्रयोगशाळेत पाहिली आहे. होपच्या उपकरणात पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड होऊन तळाशी जाते, हा प्रयोग आठवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री थंड होऊ लागल्या की सरोवराचे वरचे पाणी निवते, जड होते व खाली जाते. वरचा व खालचा थर सारखे थंड होतात तेव्हा त्यांतील पडदा नाहीसा होऊन वारा सर्व सरोवर उलथापालथ करितो. तळाच्या पाण्यास प्राणवायू मिळतो. मासे मात्र काही दिवस इतस्ततः पांगतात व कोळी हात हालवीत परत येतो. ही उलथापालथ संपली की वर्षातील उत्तम काळ येतो. पाणवनस्पती कुजून पर्चचा आडोसा जातो, आणि मोठ्या माद्या येत्या वसंतातील अंड्यांसाठी अंगात भर घालू लागतात. त्या खोल उताराच्या कडेला सापडतात. आता आमिष मोठे, चांगला बोटभर लांबीचा जिवंत मासा हवा. बोटे गारठतात, होडीत दुसरे कोणी नसते, तांबड्या-पिवळ्या पानांचे रान पाण्यात उतरलेले असते. मला हा ऋतू सर्वांत आवडला.

पुढे 4 अंशांखाली गेलेले पाणी हलके होऊन वरच राहते, गोठते, आणि बर्फाच्या झाकणाखाली तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी शिल्लक राहते. हे पाण्याचे असंगत आचरण नसते तर उत्तरेच्या सरोवरांत एकही मासा वाचता ना. हिवाळ्यात त्या झाकणावर मनुष्य चालत जातो, गिरमिटाने आठ-दहा इंचांचे भोक पाडतो व त्यातून हातभर लांब काठीने गळ सोडतो. बर्फ दोन-तीन फूट जाड झाला की त्यावर मोटारी जातात, लाकडी खोपटी ओढून नेतात, त्यांत शेगडी पेटते आणि मिल लाकसारख्या सरोवरावर अशा खोपट्यांची गावेच्या गावे वसतात. रात्री बर्फ आकुंचन पावताना तोफेसारखा आवाज करीत दुभंगतो. पहिल्या रात्री मी उठून दाराशी पळालो, व यजमान पत्ते पिसीत राहिले.

पण ते निष्काळजी नव्हते. बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी ते लोखंडी पहारेने पुढचा बर्फ ठोकून पाहत. नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी निदान चार इंच असल्यावाचून पायी जाऊ नये, असे तेथील सरकार सांगते. पांढरा, हिममिश्रित बर्फ असेल तर दुप्पट जाडी हवी. झऱ्यावर, प्रवाहावर, पुलाजवळ तो नेहमी पातळ असतो. दरसाल काही माणसे एवढे न पाहिल्याने बुडतात, आणि बहुधा ती तेथलीच, जन्मभर बर्फ पाहिलेली असतात. मासा मात्र पहिल्या पातळ बर्फाच्या दिवसांतच सर्वांत चांगला खातो व जानेवारीअखेर सुस्तावतो. मोह तेथेच आहे.

आता त्या चार-सहा वर्षांच्या गोष्टीकडे येतो. मिनेसोटाच्या सीमेत पूर्णपणे सामावलेले सर्वांत मोठे सरोवर रेड लेक. त्याचा बहुतेक भाग रेड लेक ओजिब्वे लोकांच्या ताब्यात असून उरलेला संस्थानाकडे आहे. पहिल्या महायुद्धातील अन्नटंचाईमुळे 1917 साली तेथे व्यापारी मासेमारी सुरू झाली व पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. जाळी, गळ, चोरटी विक्री, सर्व मिळून प्रौढ माद्या संपत गेल्या. 1990 नंतरच्या काही वर्षांत वॉलाय जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा ज्यांची चूल त्या माशावर पेटत असे, त्या ओजिब्वे कोळ्यांनीच 1997 साली आपली जाळी बंद केली. 1999 साली संस्थानानेही आपला भाग बंद केला व उभयतांनी करार करून 1999, 2001 व 2003 या तीन साली कोट्यवधी पिले सोडली. 2006 च्या मे महिन्यात, कडक मर्यादा घालून, सरोवर पुन्हा खुले झाले. ओजिब्वे लोकांनीही आरंभी जाळ्यांऐवजी गळानेच मासे धरले. तेथील एका म्हाताऱ्या कोळ्यास मी विचारले की, ती वर्षे कशी काढिली? तो म्हणाला, "दुसऱ्याची सरपणाची लाकडे फोडून."

सर्वत्र असे सामोपचाराने झाले नाही. 1837 च्या तहात ओजिब्वे लोकांनी भूमी दिली, परंतु शिकारीचा व मासेमारीचा हक्क राखून ठेविला होता. विस्कॉन्सिनमध्ये 1983 साली न्यायालयाने हा हक्क मान्य केला, तेव्हा मशालीच्या जागी विजेचे दिवे घेऊन भाल्याने मासे मारण्यास निघालेल्या लोकांवर घाटाघाटावर जमाव शिव्या व दगड घेऊन धावला. मिल लाकचा वाद संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन 1999 साली पाचास चार मतांनी ओजिब्वे लोकांच्या बाजूने निकालात निघाला. तरीही मासा कमी झाला की दोष कोणाचा, हा प्रश्न तेथील उपाहारगृहांत अजून निघतो. 2015 साली मिल लाकची वॉलायची मासेमारी ऑगस्टमध्येच बंद करावी लागली व 2016 चा हंगाम, धरलेला मासा सोडून देण्याच्या अटीवर सुरू झाला. माझ्या मते दोष एकट्या भाल्यावर घालणे अन्यायाचे आहे. त्या सरोवरात 2005 पासून बाहेरून आलेले झेब्रा शिंपले आहेत. ते पाणी गाळून निर्मळ करितात, आणि निर्मळ पाणी या माशाच्या डोळ्यास मानवत नाही, हे वर आलेच आहे.

शेवटी, वर्गातच निघालेला दुसरा एक प्रश्न. "सर, हा मासा आपल्या धरणात सोडला तर?" तो होणार नाही. मादीच्या पोटातील अंडी पक्व होण्यास हिवाळ्यात दीर्घ काळ 50 अंश फॅरनहाइटखालील पाणी लागते. आपल्या जायकवाडीचे वा मुळेचे पाणी तितके थंड कधी होत नाही. आणि होत असते तरी मी नकोच म्हटले असते. 1952 साली बाहेरून आणलेला तिलापिया, ज्यास आपण चिलापी म्हणतो, तो पुढे किती नद्यांत पसरला हे तुमच्यापैकी नदीकाठची मुले मजपेक्षा अधिक जाणतात. ज्यास गळ टाकावयाचाच आहे, त्याने सुटीत आजोबांबरोबर मरळीसाठी टाकावा, आणि ती कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी व किती पाण्यात लागली, हे वहीत टिपून जूनमध्ये मला आणून दाखवावे.